फॉर्म नंबर तीन

इंदूरच्या बास्केटबॉलवाल्यांत दिवाकर सरांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. सकाळी सहाला कोर्टावर, दहाला बिजली ऑफिसात, संध्याकाळी पाचला पुन्हा कोर्टावर. गळ्यात शिट्टी आणि तोंडात एकच वाक्य, "घुटने मोड़ो भिया, कमर नहीं!" मराठी पोरांवरही ते हिंदीतूनच ओरडायचे, कारण रागाला मराठी कमी पडते असं त्यांचं मत होतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल, म्हणून सांगतो.

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बिजली ऑफिसाच्या टीमने त्यांना उचललं. वय एकोणीस. खेळायचं, पगार घ्यायचा, टीमबरोबर गावोगाव फिरायचं. परीक्षा कुणाला आठवते? वडील मराठी शाळेत मास्तर. ते आठ दिवस जेवताना बोलले नाहीत, मग त्यांनी तो विषयच सोडला. गुडघा गेला तेव्हा दिवाकर एकतीस वर्षांचे होते. टीमने हार घातला आणि टेबल दिलं. त्या टेबलावरून बढती मिळायला डिग्री लागत होती. ज्या धनेशला त्यांनी फाईल बांधायला शिकवलं, तो आता काचेच्या केबिनमधून हाक मारायचा, "दिवाकरजी, जरा या ना." आणि हे जायचे. उभे राहायचे. खुर्चीवर बसा असं धनेश रोज म्हणायचा नाही.

हे त्यांच्या मनात किती सलत होतं ते बायकोलाही, अंबिकालाही, त्यांनी कधी कळू दिलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "अपन तो मजेत आहोत यार! डिग्री काय चाटायचीय?" इतक्या वेळा म्हणाले की पोरांना ते पाठ झालं होतं.

मानसी त्यांच्याकडे आली तेव्हा तेरा वर्षांची होती. महूची. आजोबा पलटणीत होते, वडिलांचं नाव पंचशील, ते छावणीत पाण्याचा पंप चालवायचे. सकाळची पहिली बस पकडून ही पोरगी इंदूरला यायची आणि सरांच्या आधी कोर्ट झाडून मोकळी व्हायची. सतराव्या वर्षी सहा फुटाला दोन इंच कमी. बोर्डाखाली तिने हात वर केला की बाकीच्या नुसत्या बघत राहायच्या. बी. ए.ला गेली तेव्हा पंचशीलने कोर्टावर पेढे वाटले. त्याच्या घरातली कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी.

दुसऱ्या वर्षाला ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली, आणि त्याच पंधरवड्यात जयेश आला.

जयेश म्हणजे नव्या लीगचा माणूस. डोळ्यांवर काळा चष्मा, तो सावलीतही काढायचा नाही. तीन महिने बेंगळुरूला कॅम्प, मग सामने, टीव्हीवर. दोन वर्षांचा करार. पण कॅम्प नेमका आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या वेळी. हे घ्या, नाहीतर ते.

पंचशील कराराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरांकडे आला. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसला, तोही एक पायरी खाली.

"सरजी, मला इंग्रजी इतकं समजत नाही. तिला तर जायचंच आहे. मी म्हणतो, एक-डेढ साल राहिलंय, बी. ए. होऊ द्या. तुम्ही सांगाल तसं."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. विद्यापीठाकडून खेळून पदक आणलं की विद्यापीठ एक कागद देतं, फॉर्म नंबर तीन. खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी त्याच्यावर लागते. इंदुरात हे दिवाकर सरांइतकं कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. वीस-पंचवीस पोरांचे फॉर्म त्यांनी स्वतः भरलेले. लीगचं सर्टिफिकेट चालेल का, असं त्यांनी जयेशला विचारलंही होतं. जयेश म्हणाला, "मान्यता प्रोसेसमध्ये आहे, भिया." अहो, वीस वर्षं सरकारी टेबलावर काढलेल्या माणसाला "प्रोसेसमध्ये आहे" याचा अर्थ कळत नाही? पुरता कळत होता!

तरी सरांनी पंचशीलला फॉर्मचं काही सांगितलं नाही. कारण "थांब, शिक पहिलं" हे शब्द तोंडातून काढायचे तर स्वतःचं काय झालं तेही बोलावं लागलं असतं.

"पाठवा," ते म्हणाले. "मी पण सोडलंच होतं ना कॉलेज? काय बिघडलं माझं?"

पंचशीलने त्यांच्याकडे नीट बघितलं. इस्त्रीचा शर्ट, पक्की नोकरी, मास्तरांचं घर. त्याला काहीच बिघडलेलं दिसलं नाही. त्याने तिथल्या तिथे सही केली.

लीग सत्तावीस दिवस चालली. टीव्हीवर मानसी चार वेळा दिसली, त्यात दोनदा बाकावर. दुसरा सीझन "पुढे ढकलला", म्हणजे मेला. जयेशचा फोन लागेना. मान्यता तर आलीच नाही. इकडे हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसता आलं नाही. पुढच्या वर्षी बसेन म्हणाली, तेवढ्यात पंचशीलच्या पाठीचं दुखणं निघालं आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. तिच्या जागी विद्यापीठाने यामिनीला नेलं. यामिनी! जिला डाव्या हाताने चेंडू आपटता येत नव्हता. संघाला कांस्यपदक मिळालं, यामिनीला फॉर्म तीन मिळाला आणि वर्षाच्या आत सरकारी नोकरी. तिचा काय दोष? ती कॉलेजात राहिली, एवढंच.

मानसीला इंदूरजवळ सिमरोलला काम मिळालं. मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेच्या मुलींच्या हॉस्टेलवर, ठेकेदाराकडून, सिक्युरिटी गार्ड. उंची बघून लगेच घेतलं म्हणे. तिच्याच वयाच्या मुली येता-जाता तिच्या रजिस्टरमध्ये सही करतात.

यंदा एका सरकारी खात्याच्या ट्रायल निघाल्या. दिवाकर सर हट्टाने तिच्याबरोबर गेले. काय खेळली पोरगी! दोन वर्षांत नीट सराव नाही, तरी निवडणारे लिहायचं थांबवून बघत होते. सरांना वाटलं, एवढा खेळ बघितल्यावर कागद कोण बघतो, झालं, सुटलो. मग सगळ्यांना कागदांच्या टेबलाशी बोलावलं. मानसीने लीगचं मेडल काढून ठेवलं. टेबलावरच्या बाईंनी ते हातात घेतलं, बाजूला ठेवलं आणि फाईल उलटून बघितली.

"फॉर्म तीन?"

मानसीने सरांकडे बघितलं. तिला तो फॉर्म काय असतो हेच माहीत नव्हतं. सर चेंडूच्या जाळीकडे बघत राहिले. बाई चांगल्या होत्या. "बेटा, खेळते तर सुंदर, पण मी काय करू?" म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं. परतीच्या बसमध्ये मानसीने एकदाच तोंड उघडलं. "सर, तो फॉर्म कुठे मिळतो?" आणि मग सरांना सगळं सांगावं लागलं.

दोन दिवसांनी पंचशील कोर्टावर आला. या वेळी बसला नाही.

"भांडायला नाही आलो, सरजी. एवढंच विचारतो. त्या दिवशी तुम्हाला हा फॉर्म माहीत होता?"

दिवाकर सरांनी होकारार्थी मान हलवली. आणि इतक्या वर्षांचं साचलेलं, एकदाचं बाहेर आलं. "पंचशीलजी, माझंही आयुष्य तिथेच अडकलं हो. डिग्री नाही म्हणून पोरासोरांसमोर उभा राहतो. रोज सलतं मला. कुणाला बोललो नाही, आज तुम्हाला सांगतोय."

त्यांना वाटलं होतं, हे ऐकून पंचशील विरघळेल. खांद्यावर हात ठेवेल. माणसाला काय काय वाटतं!

"म्हणजे, सोडल्यावर काय होतं तेही माहीत होतं," पंचशील म्हणाला.

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"तुम्ही सोडलंत तेव्हा घरात मास्तर होते, सरजी. तुम्ही पडलात तरी खुर्चीवर पडलात. आमच्या घरात शिकणारी ती एकच होती." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. पंचशीलने घड्याळ बघितलं. "चलतो. तिची ड्यूटी आहे, गेटवर सोडायला जायचंय."