साडूभाऊ आणि उत्तरेचा समुद्र

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस आख्ख्या जर्मनीत सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी जर्मनी हिंडलेला मराठी माणूसही सापडणार नाही. ब्योब्लिंगेनच्या एका कंपनीत ते गाड्यांचे ब्रेक तपासत. म्हणजे ब्रेक कुठे, कधी आणि कशामुळे लागणार नाहीत याचा दिवसभर विचार करायचा आणि पगार घ्यायचा. घरी आल्यावर तोच विचार ते फुकट करत. पण सुट्टी जवळ आली की नकाशा उघडून आधी तेच बसत, आणि त्यांचं बोट सरकत सरकत वर उत्तरेला जाई, जिथे गावं संपतात आणि मेंढ्या, वारा आणि समुद्र एवढंच उरतं. "इथून हॉस्पिटल किती लांब आहे बघा," असं काळजीने म्हणत आणि नेमकं तिथलंच घर बुक करत.

मुक्कामी पोचल्यावर बॅगा उतरवायच्या आधी ते नोटआउसगांग शोधत. तो संकटकाळचा दरवाजा स्वतः उघडून बघितल्याशिवाय चहा घेत नसत. फेरीबोटीवर चढले की लाइफजॅकेटं मोजत. जंगलात जाताना पँटचे पाय मोज्यांत खोचत, आणि संध्याकाळी हातात भिंग घेऊन गोचीड चिकटलाय का म्हणून सगळ्यांचे पाय तपासत. एकदा तर त्यांनी घरमालकिणीचा कुत्राही तपासला होता. एका दीपगृहाच्या जिन्यात ते अर्ध्यावरच कठडा धरून बसले. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणाली, "अहो, मग आलात कशाला एवढ्या लांब?" तर म्हणाले, "तुम्ही वर जाऊन या आणि काय दिसलं ते सांगा." आम्ही उतरल्यावर त्यांनी इतक्या बारकाईने विचारलं, जहाज होतं का, कुठल्या रंगाचं होतं, की मला पुन्हा वर जाऊन बघावंसं वाटलं.

मी त्यांची भरपूर चेष्टा करत असे. चार वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबं उत्तर समुद्राच्या काठी गेलो होतो, तोपर्यंत.

तिथे ओहोटीला समुद्र मैलोनमैल मागे जातो आणि खाली राखाडी चिखलाचं मैदान उघडं पडतं. त्याला जर्मनमध्ये 'वाट' म्हणतात. "नाव बरोबर ठेवलंय," साडूभाऊ म्हणाले, "लागते ती." वाटाड्याबरोबर त्या चिखलातून चालायला माणसं मुद्दाम येतात. आमचा वाटाड्या दुसऱ्या दिवशी येणार होता. पण माझी नऊ वर्षांची इरा चिखलातले किडे खणायला आजच जायचं म्हणून बसली, आणि मी हो म्हणालो.

"अहो, अकराला पाणी फिरतं, भरती सुरू होते. आत्ता पावणेअकरा झालेत," साडूभाऊ म्हणाले.

"अर्ध्या तासात येतो," मी म्हणालो. इरा तोवर पळत सुटली होती. त्यांनी आपली पाठपिशवी उचलली आणि आमच्या मागे निघाले.

अर्ध्या तासाचा तास झाला. इरा खणत होती, मी फोटो काढत होतो. मान वर केली तेव्हा किनारा नव्हता. समुद्र अडवणारा बांध नाही, घरं नाहीत, मेंढ्या नाहीत. चारी बाजूंनी धुकं आलं होतं. मी ठामपणे एका दिशेला चालू लागलो, कारण आमची पावलं तिकडून आली होती. दहा पावलांनी ती संपली. उरलेली पाण्याने भरून पुसली गेली होती. फोनवरचा ठिपका कधी जमिनीवर दिसे, कधी समुद्रात.

"थांबा," साडूभाऊ म्हणाले. त्यांनी होकायंत्र काढलं. हात इतका थरथरत होता की सुई ठरेना. शेवटी त्यांनी ते इराच्या तळहातावर ठेवलं. "किनारा पूर्वेला. तू धर, आम्ही तुझ्यामागे."

पाच मिनिटांनी समोर पाणी आलं. येताना घोटाही न बुडवणारा ओहोळ आता वीस पावलं रुंद झाला होता आणि आवाज न करता वाहत होता. साडूभाऊंनी पिशवीतून दोरी काढून आम्हा तिघांना बांधली. मी इराला खांद्यावर घेतलं.

"मी पुढे होतो," मी म्हणालो.

"नाही. मला पोहता येत नाही. मी पुढे असलो तर कुठे खोल आहे ते तुम्हाला लगेच कळेल."

ते उतरले. पाणी मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत आलं. गार तर इतकं की श्वास अडकावा. माझ्या खांद्यावर इरा मुसमुसू लागली. साडूभाऊ मागे वळून न बघता बोलत होते, "इरा, मला फार भीती वाटतेय. तुला?"

"या," ती जर्मनमध्ये 'हो' म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग दोघं मिळून घाबरू. पप्पाला चालू दे."

मध्येच त्यांचा पाय घसरला आणि ते छातीपर्यंत गेले. दोरी ताणली गेली. मी मागे ओढलं, ते उभे राहिले, दोन पावलं डावीकडे सरकले आणि पुन्हा चालू लागले. पलीकडे चढल्यावर त्यांनी शिट्टी काढून वाजवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने धुक्यातून एक कुत्रा भुंकला, मग एका बाईने हाक मारली, आणि त्या हाकेच्या रोखाने चालत आम्ही बांधाला लागलो.

गवतावर बसून साडूभाऊ रडले, लहान मुलासारखे. मी म्हणालो, "माझं चुकलं." त्यांनी नाक पुसलं. "बायकांना सांगू नका," म्हणाले, "पुन्हा येऊ देणार नाहीत."

गेल्या वर्षी ते नोकरी सोडून कायमचे पुण्याला गेले. त्यांच्या आई थकल्या होत्या. आम्ही यंदाही उत्तरेला गेलो. इरा आता तेरा वर्षांची आहे, सरळ पाण्यात शिरते. मी काठावर उभा राहून लाटा बघतो, घड्याळ बघतो, तिचं डोकं दिसतंय का ते बघतो. "पापा, तू बस ना," ती जर्मनमध्ये ओरडून सांगते. मला बसवत नाही. एकट्याने घाबरायची मला सवय नाही, म्हणून मी पुण्याला फोन लावतो. पलीकडून ते विचारतात, "आत्ता कुठे आहे ती?" मी सांगतो, आणि ती बाहेर येईपर्यंत आम्ही दोघंही फोन ठेवत नाही.