तिला सगळा संसार बघायचा होता

मराठीचे इतके हाल इतक्या आत्मविश्वासानं करणारं दुसरं माणूस मला अजून भेटायचं आहे. जयपूरला प्रताप नगरात आमच्या शेजारी बँकेतले एक सातारकर राहत, त्यांची ही एकुलती एक मुलगी. जन्म, शाळा, भांडणं, सगळं तिथलंच. त्यामुळे निम्मी मराठी घरात ऐकलेली आणि निम्मी हिंदीतून उसनी आणलेली. पहिल्याच भेटीत तिनं मला सांगितलं, "काका, मी पायलटची शिक्षा घेते आहे." गुन्हा काय केलास, असं विचारायचं मी मोठ्या कष्टानं टाळलं.

वेड मात्र खरं होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, नव्या विमान कंपन्या निघत होत्या. बारावी कॉमर्सनं झालेली आणि पायलटला सायन्सचे विषय लागतात, म्हणून पोरीनं ओपन स्कूलमधून फिजिक्स आणि गणित नव्यानं दिलं. कोथिंबीर आणायला निघाली तरी आधी स्कूटीभोवती पूर्ण फेरी मारायची, टायर दाबायची, ब्रेक तपासायची, मग गच्चीवर वाळणाऱ्या ओढणीकडे बघून वारा कुठून येतोय ते ठरवायची. तोवर तिच्या आईची आमटी कोथिंबिरीवाचूनच उकळलेली असे.

लायसन्सच्या परीक्षेतला नेव्हिगेशनचा पेपर, म्हणजे दिशा आणि अंतरांची गणितं, दोनदा राहिला. वडिलांचा धीर सुटला. त्यांनी नाशिकचं एक स्थळ घरी बोलावलं आणि आधाराला मला बसवलं. मुलाच्या आईनं विचारलं, "पुढं काय करायचं मनात आहे?"

"मला सगळा संसार बघायचा आहे," ती म्हणाली.

बाईंचा चेहरा खुलला. "आजकालच्या मुली असं म्हणत नाहीत हो," त्या वडिलांना म्हणाल्या. हिंदीत संसार म्हणजे जग, हे त्या खोलीत फक्त आम्हा जयपूरकरांच्या ध्यानात आलं. मी कपात तोंड खुपसलं. वडिलांनी नुसती मान डोलावली असती तर लग्न ठरल्यात जमा होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"ती जगाबद्दल बोलते आहे, ताई," ते म्हणाले. "तिला विमान चालवायचंय. एक पेपर राहिलाय अजून."

पाहुणे पोहे संपवून सभ्यपणे निघून गेले. ती तिसऱ्यांदा पेपरला बसली आणि सुटली.

मी आता निवृत्त होऊन सांगलीला आलो आहे. जयपूरची आठवण येते, तिची जरा जास्तच. अधूनमधून कुठल्यातरी विमानतळावरून तिचा फोन येतो. "काका, आज मी खाली आहे." रिकामी आहे, असं तिला म्हणायचं असतं. मी दुरुस्त करत नाही. दिवसभर वर असणारी पोर सुखरूप खाली आहे एवढंच मला ऐकू येतं, आणि फार बरं वाटतं.