बंद घड्याळ घरात ठेवू नये

रत्नागिरीच्या बाजारात गंगाराम शिवलकरचं दुकान म्हणजे काचेची एक पेटी, एक स्टूल आणि मागच्या भिंतीवर आपापल्या वेळा दाखवणारी घड्याळं. पण त्याच्या हातून मळकं घड्याळ कधी परत गेलं नाही. साधा सेल बदलायचा असला, तरी पट्ट्याच्या कड्यांत साचलेला मळ काढल्याशिवाय तो घड्याळ गिऱ्हाइकाला देत नसे. ‘मळलेलं घड्याळ देणं म्हंजे उष्ट्या ताटात वाढणं,’ असं म्हणायचा. घाईतल्या गिऱ्हाइकाने कितीही कपाळाला आठ्या घातल्या, तरी ब्रश चालूच.

त्याचा एकुलता एक मुलगा सुजय बोटीवर इंजिनात कामाला होता. एका सफरीहून तो मनगटावर महागडं स्विस घड्याळ मिरवत आला.

“बाबा, ह्याला चावी नको, सेल नको. हात हलला की चालतंय. दोनशे मीटर पाण्यात गेलं तरी आत थेंब जायचा नाय.”

“म्हंजे बापाचा धंदा बसवाया निघालास,” गंगाराम म्हणाला. आणि पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला पोराच्या घड्याळाचं कौतुक ऐकवून त्याने नको नको केलं.

गेल्या वर्षी वादळात सुजय डेकवरून पडला. तो सापडलाच नाही. घड्याळ केबिनमध्ये उशाशी राहिलं होतं. दोनशे मीटर पाणी सोसणारं घड्याळ कोरडं राहिलं आणि पोर बुडालं, हा कुठला न्याय म्हणायचा? सोबत्यांनी त्याचे कपडे धुऊन, इस्त्री करून बॅगेत भरून पाठवले. त्यातच घड्याळ होतं, बंद पडलेलं.

गंगारामच्या बायकोने, कमळाने, ते कपाटात ठेवलं. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलायची. दुपारी जेवायला घरी आला की गंगारामला कधीकधी आतून कपाटाचं दार वाजल्याचं ऐकू येई. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आली की तिचे डोळे लाल असत. ते बंद घड्याळ बघूनच ही झुरते, असं त्याच्या मनाने घेतलं. बंद घड्याळ घरात ठेवू नये, हे तर त्याचं पोट भरणारं वाक्य. जन्मभर लोकांना सांगत आलेला.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा त्याने कमळाच्या नकळत घड्याळ दुकानात नेलं. हलवल्याबरोबर ते चालू झालं. बिघाड काही नव्हताच, नुसता हात हवा होता. गंगारामने ते कानाशी धरून टिकटिक ऐकली. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण सवय थांबू देईना. आपल्या पोराचं घड्याळ, ते काय मळकं द्यायचं? त्याने पट्टा सोडवला, रिठ्याच्या पाण्यात भिजवला, मग ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून एकेक कडी घासली. काळा मळ सुटत गेला. पट्टा दुकानात मांडल्यासारखा लखलखला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं.

घरी येऊन त्याने घड्याळ कमळाच्या हातात दिलं. “बघ, चालू झालं.”

कमळाने काट्यांकडे पाहिलंच नाही. घड्याळ उलटं करून तिने पट्टा नाकाशी नेला. पुन्हा नेला.

“तुमी धुतलंव ह्याला?”

“मळ किती व्हता त्यात...”

“त्याचा घाम व्हता तो.” ती ओरडली नाही. “कपडे समदे धुऊन आले. ह्येच येवढं ऱ्हायलं व्हतं.”

करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं म्हणायचीही सोय उरली नाही. गंगाराम चपला न घालताच दुकानाकडे धावला. रिठ्याचं पाणी गटारात ओतलेलं. मग त्याला ब्रश आठवला. केसांत थोडा मळ अडकला असेल, थोडा तरी. पण काम झालं की ब्रश पेट्रोलच्या डब्यात बुडवून ठेवायचा, ही त्याची दुसरी सवय. त्याने ब्रश बाहेर काढला, नाकाशी धरला आणि वर्षभर न रडलेला तो माणूस दुकानाच्या पायरीवर बसून हंबरडा फोडून रडला.

शेजारचा कापडवाला धावत आला. “गंगारामदा, काय झालं?”

गंगारामने ब्रश त्याच्यापुढे धरला.

“साफ झालं रे,” तो म्हणाला. “समदं साफ झालं.”