तात्यांच्या गोठ्यात सापडलेली आमची पाट

चिखलीच्या मंडळींनो, आज घडले ते चावडीच्या या फळ्यावर क्रमाने लिहिते.

१. सकाळी आईने शेळी चरायला नेली. तिचे दूधपिते मादी करडू, म्हणजे पाट, घरी डालग्याखाली झाकून ठेवले होते.
२. दुपारी डालगे उलटे पडलेले होते आणि पाट नव्हती.
३. ती मला शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात सापडली. कानावरची आमची खूण दिसू नये म्हणून तिचा कान नव्याने कापला होता. जखम ओली होती.

तात्या म्हणाले, "आमच्याच शेळीची हाय ती. पुण्याला जनावरांचं शिकलीस म्हंजी गावातली समदी करडं तुझी व्हय?"

"मग तुमच्या शेळीला तिला पाजू द्या," मी म्हटले.

शेळी वासानेच आपले पिल्लू ओळखते. त्यांच्या शेळीने पाट हुंगली आणि शिंगाने लोटून दिली. तेवढ्यात आई आमची शेळी घेऊन आली. पाट धावत जाऊन तिच्या कासेला लागली.

तात्यांचा आवाज उतरला. "ने बाई. पर चावडीवर बोलू नगंस."

पाट मी घरी आणली. गप्प राहण्याचे कबूल केले नाही. तिचा कान आता कायम तसाच राहणार, तेव्हा तात्यांचे नावही या फळ्यावर राहू द्या.

त्यांच्या गोठ्यात ताज्या कापलेल्या कानांची आणखी दोन करडे आहेत. शुक्रवारी आपापली शेळी घेऊन आपण त्यांच्या दारी जाऊ. कुणाची करडे हरवली आहेत, ते मला गुरुवारपर्यंत कळवा.