भरीव नळीची बंदूक

ती बंदूक मला अजून आठवते, आणि डोळ्यांपेक्षा हातांना जास्त आठवते. निवृत्तीनंतर गोंदियाजवळ मुर्रीला घर बांधलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत डोळा लागतो न लागतो, तोच कधी कधी मांडीवर काहीतरी लांब, थंड आणि जड ठेवल्यासारखं वाटतं. दचकून बघावं तर वर्तमानपत्र असतं. बायको म्हणते, खात्यानं तुम्हाला सोडलं, तुम्हीच खात्याला सोडायला तयार नाही. तिचं काही चुकत नाही.

तेव्हा मी देवरी तालुक्यातल्या एका जंगलपट्टीच्या ठाण्याचा ठाणेदार होतो. दसरा आठवड्यावर आला होता. धान निसवायला लागला होता, आणि सकाळी उशिरापर्यंत धानाच्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर, धुकं असं पसरलेलं असायचं, की ठाण्याच्या फाटकातून समोरचं गाव आहे की नाही असा प्रश्न पडावा. अशाच एका सकाळी आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदारानं गोंदियाहून खबर आणली. तिथल्या एका भंगारवाल्याकडे चिचगडच्या पलीकडचा एक शेतकरी तीनदा लोखंडी पाईप घेऊन गेला होता आणि तीनही वेळा परत करून गेला होता.

एवढ्यावर आम्ही हललो नसतो. पण मी भंगारवाल्याला फोन लावला, तेव्हा त्यानं जे सांगितलं त्यानं माझा चहा तसाच राहिला.

"साहब, वो पाईप को दोनों हाथ पे आडा रखता है और आँख बंद करके खडा रहता है. फिर बोलता है, हल्का है."

पाईप हातांवर तोलून बघणारा माणूस नळाचं काम करत नसतो. आमच्या भागात अशा पाईपची भरमार बनते. भरमार म्हणजे समोरून बारूद ठासायची जुनी बंदूक. रानडुकरं मारायला लोक चोरून वापरतात, आणि त्या दिवसांत जंगलात आणखीही गिऱ्हाइकं होती. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि दोन दिवस त्या शेतकऱ्याच्या मागे माणूस लावला.

कळलं ते असं, की हा गडी बरेच दिवस सावकाशीनं चालला होता. सौंदडच्या एका सुताराकडून त्यानं सागाचा दस्ता करून घेतला, तो नापसंत केला, मग शिसमाचा करवून घेतला. गावच्या लोहाराकडून घोडा आणि तो उडवणारी कमान करवून घेतली, तीही दोनदा बदलली. लोहार वैतागून आमच्या माणसाला म्हणाला, की घोडा ओढल्यावर जो आवाज येतो तो त्याला पसंत पडत नाही. शेवटी देवरीच्या ट्रॅक्टर गॅरेजमधून त्याला हवी तशी नळी मिळाली. लग्नाची मुलगी बघावी तसा हा एकेक भाग बघत होता. एवढा चोखंदळ आरोपी मी आधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची थोडी धास्तीच वाटली. बंदूक बनवणारा घाईत असला की बरं असतं, तो चुका करतो.

दोन पंच घेऊन आम्ही झडती घेतली. गोठ्याच्या माळ्यावर गोणपाटात सगळं सापडलं. पंचनाम्यात लिहिलं: लोखंडी नळी एक, लाकडी दस्ता एक, घोडा व कमान, पितळी पट्टी दोन. अंगणात खाटेवर त्याचा म्हातारा बाप बसला होता. दोन्ही डोळे गेलेले. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं विचारलं, कोण आलं? माझ्या आधी मुलगाच बोलला, ठाण्याचे साहेब आले, कागदाचं काम आहे. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

ठाण्यात आणून विचारपूस सुरू केली. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, बोलणं जवळजवळ नाही. कोणासाठी बनवतोस? गप्प. बारूद कुठून आणणार होतास? गप्प. माझा आवाज चढला, तरी तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं, शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला तर दसरा सोड, पुढची होळीही तुरुंगात जाईल आणि बापाला पाणी द्यायला घरी कोणी उरणार नाही. त्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. चौकशीत रडणारे पुष्कळ बघितले. रडून झालं की ते बोलतात. हा बोलला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुठेतरी चुकतो आहोत.

गुन्हा दाखल करण्यापूर्वी मी मुख्यालयातून आर्मररला बोलावून घेतलं. शस्त्रांची पारख असलेला जुना हवालदार. त्यानं टेबलावरची नळी उचलली, तोंडाशी डोळा लावला, मग करंगळी आत घातली. करंगळी पहिल्या पेरालाच अडली. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, साहेब, ही नळी नाहीच. हा भरीव गज आहे, लेथवर उतरवलेला. भोक आहे ते फक्त तोंडाशी, बोटाच्या पेरापुरतं.

मी पंचनामा लिहून घेतला होता, पंचांनी सह्या केल्या होत्या, आणि आमच्यापैकी एकानंही त्या नळीत डोकावून बघितलं नव्हतं. बंदूक शोधायला गेलो म्हणून बंदूक दिसली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःची एवढी लाज फार कमी वेळा वाटली.

मी सगळ्यांना बाहेर काढलं, त्याच्यासाठी चहा मागवला आणि विचारलं, की जी बंदूक कधी उडणारच नाही ती कशासाठी बनवत होतास?

"बापासाठी," तो म्हणाला. "सांगतलं असतं तं गावभर झालं असतं साहेब, अन् बापाले कळलं असतं. म्हनून चूप होतो."

मग तो हळूहळू बोलत गेला. बापाकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची भरमार होती, आजोबांपासूनची. एका निवडणुकीच्या वेळी सगळ्यांची हत्यारं जमा केली, तशी तीही ठाण्यात जमा झाली. त्याच सुमारास बापाचे डोळे गेले, परवान्याची मुदत संपली, आणि मग कोणी विचारायला गेलं की आधी नूतनीकरण करून आणा, एवढंच उत्तर. बंदूक आलीच नाही. दर दसऱ्याला पूजेत तिची जागा रिकामी ठेवायची, ही बापाची सक्ती. यंदा बाप तापानं फणफणला होता, तेव्हा पोरानं बोलून टाकलं, की साहेबांचा निरोप आलाय, दसऱ्याला देणार आहेत. बापाचा ताप उतरला आणि ह्याची झोप गेली. लहानपणी बापामागून धानाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, ती बंदूक दोन्ही हातांवर घेऊन तो चालला होता. तेवढ्या आठवणीवर तो वजन शोधत फिरत होता. भंगारवाल्याचे पाईप पोकळ, पातळ. हाताला खोटे लागायचे.

ठाणं कोणतं, हे मी विचारलं नाही. त्यानं घडी घातलेली पावती काढली, तिच्यावर आमचाच शिक्का होता.

मालखान्याची किल्ली घेऊन मी स्वतः आत गेलो. खरं तर अशी हत्यारं पुढे जिल्ह्याला पाठवायची असतात. ही राहून गेली होती. जप्त सायकली, मोहाच्या दारूचे पिंप, कुठल्या तरी मारामारीतल्या काठ्या, आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून ती उभी होती. गळ्यातल्या चिठ्ठीवरची शाई उडालेली. दस्त्याला वाळवी लागून लाकूड जाळीदार झालेलं, नळीवर गंजाचे पापुद्रे. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप तिच्यावर येत होती आणि त्यात धूळ तरंगत होती. मी पावती उजेडात धरून चिठ्ठीवरचा नंबर कसाबसा जुळवला.

आर्मररच्या लेखी अभिप्रायावर प्रकरण मिटलं. हत्यार नाही, म्हणून गुन्हा नाही. मुलाला त्याचे भाग परत दिले. खरी बंदूक परवान्याशिवाय देता येणार नव्हती, पण मालकाकडून ओळख पटवून घेण्यासाठी ती गावात न्यायची परवानगी मी वरिष्ठांकडून मिळवली. मनात म्हटलं, पूजेपुरतं तरी पोराचं खोटं आपण खरं करू. स्वतःवर मी फार खूश होतो, हेही कबूल करतो.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यातली शस्त्रपूजा उरकली. आमच्या रायफली पुसून, तेल लावून, झेंडूच्या माळा घालून ओळीनं मांडल्या होत्या. तिथूनच गणवेशात मी जीपनं निघालो. म्हातारा धुवट धोतर नेसून खाटेवर बसला होता. मी म्हटलं, बाबा, तुमची बंदूक आणली. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

तो बोटं फिरवत गेला. नळी, घोडा, पट्टी, मग दस्ता. वाळवीच्या भोकांवर बोटं थांबली. त्यानं मान वर केली आणि साधेपणानं विचारलं,

"इतले साल हिले तेल नाई लावलं काय जी?"

मी टोपी काढून काखेत धरली.

तेव्हा मुलगा घरात गेला आणि आपली बंदूक घेऊन आला. रात्रभर बसून त्यानं ती जोडली होती. काही न बोलता त्यानं ती बापाच्या हातांवर ठेवली. म्हाताऱ्यानं ती तोलली, डोळे मिटले, घोडा ओढून आवाज ऐकला. मग त्याचं बोट नळीच्या तोंडात गेलं आणि पेराला अडलं. त्याला सगळं समजलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून आम्हा दोघांनाही समजलं. मुलगा खाली मान घालून उभा होता. म्हाताऱ्यानं चाचपडत त्याचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"पूजेले हेच ठेव," तो म्हणाला. "ते साहेबायले वापस दे." मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "पन तिले तेल लावत जा जी. तिनं काई गुन्हा नाई केला."

पूजा झाल्यावर त्यानं मला आपट्याची पानं दिली आणि जेवूनच जा म्हणाला. मी जेवलो. भात, वरण होतं, आणि मी ताटावरून एकदाही मान वर केली नाही.

मालखान्यातल्या वस्तूंना आम्ही मुद्देमाल म्हणतो आणि तो शब्द लिहिला की आपलं काम संपलं असं धरून चालतो. कोणाच्या तरी घरात त्या वस्तूची जागा रिकामी ठेवलेली असते, हे मला नोकरीच्या उतरणीला लागल्यावर कळलं. फार उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं. पुढे नियमाप्रमाणे ती बंदूक नष्ट करण्यासाठी मुख्यालयात गेली. पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी मालखान्यात खुर्ची टाकून बसलो, ती मांडीवर घेतली, गंज खरवडला आणि तिला नळीपासून दस्त्यापर्यंत तेल लावलं.