दिवसभर टिकलेलं लाल फूल

अल-खोबरला आमच्या बाल्कनीखाली एका निवृत्त सौदी शिक्षिकेचं अंगण होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी लांब झग्याच्या बाह्या सरसावून त्या डेलिलीच्या कुंड्यांपाशी बसायच्या आणि आपल्या लाडक्या पिवळ्या फुलाचे पराग ब्रशनं लाल फुलांना लावायच्या. पिवळं उन्हाला दाद देत नसे, लाल मात्र दुपारीच करपायचं. त्यांना उन्हात टिकणारं लाल हवं होतं. बी पेरल्यावर फूल यायला दोन-तीन वर्षं लागत, आणि तेही करपे. त्यांचा मुलगा वैतागायचा, "खलास, आई! इथे मला गाडी लावू दे."

"फूल एकाच दिवसाचं असतं," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या होत्या, "पण तो दिवस तरी त्याला पुरा मिळू दे."

मे महिन्यात एका रोपाला पहिलं गडद लाल फूल आलं. दुपारी मी खाली गेले, तर बाई उन्हात खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसल्या होत्या आणि मुलगा त्यांच्यावर छत्री धरून उभा होता. सूर्य मावळला तरी एकही पाकळी सुरकुतली नाही. तेव्हा बाईंनी मान मागे टाकली आणि तिथल्या बायका लग्नात काढतात तसा जीभ हलवत लांब, उंच सूर काढला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, बायका तसाच सूर काढू लागल्या. मला तो जमत नव्हता, म्हणून मी नुसतीच ओरडले.