साबळे गुरुजींचा दुखरा पाय

साबळे गुरुजी आपली काठी कुठंही विसरून यायचे. चहाच्या टपरीवर, बँकेत, एकदा तर एसटीत. कुणीतरी ओरडत मागं पळायचं, "गुरुजी, काठी राहिली!" तोवर गुरुजी तरातरा रस्ता ओलांडून गेलेले असायचे. मग कपाळावर हात मारून म्हणायचे, "डोक्यात पोरांचा अभ्यास असला की पाय कुठला ध्यानात राहतोय राव!" सगळे हसायचे. मला तर त्यात त्यांचा मोठेपणाच दिसायचा.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. फॉर्म कशाशी खातात हे वडिलांना ठाऊक नव्हतं. कॉलेजचा फॉर्म गुरुजींनीच भरला. शिक्षकभरतीच्या परीक्षेला कळंबहून पुण्याला त्यांनीच मला आपल्या मोटरसायकलवर नेलं. काठी हँडलला अडकवलेली. मी बाहेर येईपर्यंत ते फाटकापाशी उन्हात उभे होते.

नेमणूक आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या शाळेत झाली तेव्हा मी खट्टू झालो. गुरुजी म्हणाले, "जिथं मास्तर जायला नाय म्हणतो ना, तिथंच मास्तर लागतो. जा तू. मीच गेलो असतो, पण हा पाय!" मी त्यांच्या पाया पडलो आणि रुजू झालो. त्याला आता सहा वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यात घाटात माझी गाडी घसरली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली. दुसऱ्याच दिवशी गुरुजी घरी हजर. "जो पाय दुखतो, त्याच बाजूच्या हातात धरायची," त्यांनी शिकवलं. "टेकू दुखऱ्याला द्यायचा का चांगल्याला?" मला पटलं. आठ वर्षं काठीवर काढलेला माणूस सांगत होता.

महिनाभर मी तसाच चाललो. गुडघा सुजला, कंबर धरली. नारायणगावच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला दोन पावलांतच थांबवलं.

"सर, काठी डाव्या हातात घ्या. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढं टाका, भार काठीवर येऊ द्या, मग चांगला पाय. कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

"आमच्या गुरुजींनी. ते आठ वर्षं असेच चालतात, कधी तक्रार नाही."

"असेच? मग त्यांना दुखत कसं नाही?" त्या सहज म्हणाल्या आणि काठीची मूठ माझ्या मनगटाच्या उंचीला येते का ते बघू लागल्या.

परतताना मी आठवू लागलो, गुरुजींचा दुखरा पाय नक्की कोणता? आठवेना. कधी डावा, कधी उजवा. आपण गुरुजींवर संशय घेतो याचीच मला लाज वाटली, आणि मी तो विचार झटकून टाकला.

डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितले होते, आणि माझ्या शाळेची शेवटची वाट तर सगळी चढाची. मी बदली मागितली. पण गुरुजींच्या शाळेसारख्या हमरस्त्याजवळच्या शाळांतल्या जागा अपंगत्वाच्या दाखल्यांवर भरलेल्या होत्या. माझा पाय पुढेमागे सुधारणारा, म्हणून मला दाखला मिळत नव्हता. तेवढ्यात दाखल्यांच्या फेरतपासणीचं पत्र निघालं. "एक जरी जागा सुटली तर पहिलं नाव तुमचं," कार्यालयातल्या क्लार्कनं सांगितलं.

त्याच आठवड्यात गुरुजी आले. आल्या आल्या दार लोटून घेतलं.

"तपासणीला चालून दाखवायला लावत्यात म्हणं. तू नारायणगावला शिकलास ना, ते बरोबर कसं चालायचं, जरा दाखव की मला."

"गुरुजी, पण तुमचा पाय?"

"पायाला काय धाड भरलीय!" ते हसले. "अरे, लई जणांनी काढलेत दाखले. डोंगरातली शाळा कुणाला पायजे?"

"मला मिळाली, गुरुजी."

ते म्हणाले, "मला ठावं हाय, जागा सुटली तर तुझं नाव हाय. पण तू तरणा हायस, तुला उभी हयात पडलीय. आन् तुझी भरती कुणामुळं झाली, इसरलास व्हय?"

मी विसरलो नव्हतो. तीच तर अडचण होती. मी काठी घेऊन उठलो.

"दाखल्यावर कोणता पाय आहे?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून कागद काढून वाचला. "डावा."

"मग काठी उजव्या हातात."

ओसरीवर मी पुढं, गुरुजी मागं. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना काठीबरोबर दुखरा. तिसऱ्या फेरीला माझा गुडघा ठणकू लागला. गुरुजींना मात्र पहिल्याच फेरीत जमलं होतं. "शाब्बास! शिकवावं तर तुझ्यासारखं," म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी चौथीपासून धडपडत होतो. तो असा मिळाला.

गुरुजी तपासणीत पास झाले. जागा सुटली नाही. शाळेची वाट चढताना मला आता तीनदा बसावं लागतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी वाटेतल्या दगडावर बसलो होतो.

"तुझ्यामुळं वाचलो बघ," ते म्हणाले. आवाजात माया होती, खरीखुरी. "पाय कसाय रे तुझा?"

"बरा आहे," मी म्हणालो.

गुरुजींशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेलो नाही.